तसबिरीचा घोटाळा : सुस्पष्ट प्रतिमा आणि सुखात्मिकेतला संशय

१

प्रणयप्रधान सुखात्मिकेची चर्चा करताना आपण सामान्यतः स्वभावनिष्ठ व प्रसंगनिष्ठ विनोद, संवादांची चपलता, शेवटी जुळून येणारे विवाह या गोष्टींपासून आरंभ करतो. या रूपबंधाच्या मुळाशी असलेली एक साधी घटना त्यामुळे दुर्लक्षित राहते. ती अशी की, या प्रकारच्या कलाकृतीत कोणीतरी एखादी गोष्ट अगदी स्वच्छ पाहते आणि तिचा अर्थ मात्र भलताच लावते. डोळ्यांना दिसलेले खोटे नसते. त्याच्याशी जो संबंध जोडला जातो तो खोटा असतो. प्रेक्षकाला खरा संबंध आधीपासून ठाऊक असतो, म्हणून तो हसतो. पात्राला दिसते पण कळत नाही आणि प्रेक्षकाला दिसतेही व कळतेही, या विषमतेवर सुखात्मिकेचा सारा डोलारा उभा असतो.

ही विषमता गृहीत धरूनच आपण सुखात्मिका वाचतो, पाहतो आणि शिकवतो. परंतु प्रेक्षकाला खरोखरच सारे कळत असते काय, हा प्रश्न मला अलीकडे अस्वस्थ करू लागला आहे. एका फ्रेंच चित्रपटाने आणि एका मराठी नाटकाने मिळून तो निर्माण केला. चित्रपट आहे ज्याँ-प्येर ज्युने यांचा २००१ सालचा ‘ल फाब्युलो दॅस्तँ दामेली पुलँ’. जगभर तो ‘आमेली’ या सुटसुटीत नावाने ओळखला जातो. नाटक आहे गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संगीत संशयकल्लोळ’. पहिली कलाकृती मी गोवंडीतल्या घरी, ब्लू-रे तबकडीवर, पुनःपुन्हा पाहिली. दुसरी गेली अनेक वर्षे वर्गात शिकवते आहे. दोहोंना जोडणारा दुवा ओढूनताणून आणलेला नाही. ‘संशयकल्लोळ’ हीच मुळात मराठीत येऊन स्थिरावलेली एक फ्रेंच सुखात्मिका आहे.

२

या नाटकाचा वंशवृक्ष अभ्यासकांना परिचित आहे. तरी प्रस्तुत विवेचनापुरता तो पुन्हा मांडते. मोलिएरची ‘स्गानारेल’ ही एकांकी पद्यसुखात्मिका १६६० साली पॅरिसमध्ये रंगभूमीवर आली. आर्थर मर्फी याने १७६१ साली ‘ऑल इन द राँग’ या नावाने तिचे पाच अंकी इंग्रजी रूप सिद्ध केले. देवलांनी मर्फीच्या आधारे प्रथम ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक १८९३ साली लिहिले आणि त्याचेच पदांनी नटलेले रूप १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. तीन भाषा आणि अडीच शतकांहून अधिक काळ एवढा हा प्रवास आहे. या प्रवासात पात्रांची नावे बदलली, धर्म बदलला, कुटुंबव्यवस्था बदलली, गद्याचे पद्य आणि पद्याचे गद्य झाले. न बदललेली वस्तू एकच : हातात मावेल एवढी एक तसबीर.

सेलीला घेरी येते, तिच्या हातून प्रियकराची तसबीर गळून पडते. तिला सावरणारा स्गानारेल आपल्या बायकोच्या दृष्टीस पडतो. तीच बायको ती तसबीर उचलून न्याहाळत असताना नवऱ्याच्या दृष्टीस पडते. देवलांच्या नाटकात सेलीच्या जागी रेवती आहे, स्गानारेलच्या जागी फाल्गुनराव आणि त्याच्या बायकोच्या जागी कृत्तिका. तसबीर अश्विनशेठची आहे. पात्रांना महिन्यांची आणि नक्षत्रांची नावे देऊन देवलांनी जणू सारे आकाशच या घोटाळ्यात ओढून घेतले आहे. प्रत्येकाने जे पाहिले ते खरोखरच घडलेले असते. फाल्गुनरावाने रेवतीला आधार दिला होता. कृत्तिकेच्या हातात परपुरुषाची तसबीर होती. पुराव्यात खोट नाही, निष्कर्षात आहे.

तीनच वर्षे आधी, १८९० साली, देवलांनी ‘ऑथेल्लो’चे ‘झुंझारराव’ केले होते, ही गोष्ट येथे अर्थपूर्ण ठरते. एकाच लेखकाने थोड्या अंतराने मत्सराची शोकात्मिका आणि मत्सराची सुखात्मिका मराठीत आणली. पहिलीत संशयाचे साधन रुमाल आहे, दुसरीत तसबीर. रुमाल ही वस्तू आहे. ती कोणाजवळ होती आणि कोणाजवळ गेली एवढेच ती सांगते. तसबीर ही प्रतिमा आहे. ती स्वतःच कोणाकडे तरी पाहते आहे असा भास होतो, म्हणून तिच्याकडे पाहणाऱ्याचे पाहणेही संशयास्पद ठरते. संस्कृत नाटकाला हे सामर्थ्य पुरेपूर माहीत होते. ‘मालविकाग्निमित्रा’त राजा मालविकेला प्रथम चित्रात पाहतो, ‘रत्नावली’त सागरिकेने रेखाटलेला चित्रफलक वासवदत्तेच्या नजरेस पडतो आणि अंतःपुरात गहजब होतो. मोलिएरची तसबीर मराठीत परकी का वाटली नाही, याचे एक कारण या परंपरेतही शोधता येईल.

मोलिएरच्या नाटकाचा समारोप मात्र विलक्षण आहे. प्रत्यक्ष सारे काही डोळ्यांनी पाहिले तरीही कशावर विश्वास ठेवू नये, अशा आशयाचा उपदेश स्गानारेल प्रेक्षकांना करतो. आजवर मी या उपदेशाकडे प्रहसनाच्या शेवटी येणारा उलटा सुविचार एवढ्याच दृष्टीने पाहत आले. पाहण्याची साधने आपल्या घरात शिरली, तसतसा तो उपदेश अधिक गंभीर वाटू लागला.

३

या साधनांविषयी थोडे तपशिलाने लिहावयास हवे, कारण साहित्याचे अभ्यासक छापील संहितेच्या पाठभेदांविषयी जेवढे जागरूक असतात तेवढे दृश्य संहितेच्या पाठभेदांविषयी नसतात. मुंबईत पुस्तक आणि गृह-चित्रफीत यांचे नाते तसे जुने आहे. ‘शेमारू’ या व्यवसायाचा आरंभ १९६२ साली पुस्तके भाड्याने देणारे वाचनालय म्हणून झाला आणि १९७९ साली त्याने चित्रफिती भाड्याने देण्यास सुरुवात केली. वाचनालयाचे सभासदत्व आणि परतीची तारीख या कल्पना पुस्तकाकडून चित्रफितीकडे आल्या. चित्रपट हा घरी नेऊन, हवा तेव्हा थांबवून, मागे नेऊन पाहण्याचा, म्हणजेच वाचण्याचा ऐवज झाला.

पुढचा प्रवास स्पष्टतेचा आहे. चित्रफितीवरची प्रतिमा धूसर असे आणि प्रत्येक नकलेगणिक अधिकच धूसर होई. डीव्हीडीवरील एका चौकटीत, आपल्याकडे प्रचलित असलेल्या पद्धतीनुसार, ७२० गुणिले ५७६ बिंदू असतात. २००६ साली बाजारात आलेल्या ब्लू-रे तबकडीवर ते १९२० गुणिले १०८० होतात. गुणाकार करून पाहिला तर ही वाढ बरोबर पाचपट भरते. डीव्हीडी वाचणारा लाल किरण ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा, तर ब्लू-रेचा निळसर जांभळा किरण ४०५ नॅनोमीटरचा. लेखणी बारीक झाली की तेवढ्याच कागदावर अधिक मजकूर मावतो, तसा हा प्रकार आहे. या स्पष्टतेला ‘हाय डेफिनिशन’ म्हणतात. त्यातल्या ‘डेफिनिशन’ला वर्गात आपण ‘व्याख्या’ म्हणतो. मराठीने हे दोन अर्थ दोन शब्दांत वेगळे ठेवले, हे एका परीने बरेच झाले. प्रतिमेची सुस्पष्टता वाढली म्हणजे तिची व्याख्या झाली, या भ्रमापासून ‘सुस्पष्टता’ आणि ‘व्याख्या’ या शब्दांमधले अंतर आपल्याला सावध ठेवते.

या तबकडीलाही देशकाल आहे. ब्लू-रेसाठी जगाचे तीन विभाग पाडलेले आहेत; फ्रान्स ‘बी’ विभागात येतो, भारत ‘सी’ विभागात. पॅरिसहून कोणी हौसेने आणलेली तबकडी इथल्या यंत्रात चालेलच असे नाही. आणि चालली तरी तिच्यातली फ्रेंच आपल्यापर्यंत पोहोचते ती तळाशी उमटणाऱ्या इंग्रजी ओळींतून. मोलिएर मर्फीच्या पुलावरून देवलांकडे आला. ज्युने आजही इंग्रजीच्याच पुलावरून माझ्याकडे येतात. फरक एवढाच की, देवलांनी पलीकडे आल्यावर पूल काढून घेतला. फाल्गुनरावाचे बोलणे ऐकताना मधल्या इंग्रजाची आठवणही होत नाही. उपशीर्षकांच्या बाबतीत पूल सतत डोळ्यांसमोर राहतो, आणि आपण त्याच्याकडे पाहत असताना खालून वाहणारे पाणी निसटते. प्रतिमा पाचपट स्पष्ट आणि भाषा मात्र उसनी, अशा दुहेरी अवस्थेत गोवंडीतला प्रेक्षक हा चित्रपट पाहतो.

४

‘आमेली’ची कथा थोडक्यात अशी. मोंमार्त्रमधल्या एका कॅफेत काम करणारी एकलकोंडी तरुणी, १९९७ सालच्या ऑगस्टअखेरीस, आपल्या घराच्या भिंतीत दडलेली एका मुलाची जुनी डबी शोधून काढते आणि ती त्याला, आता प्रौढ झालेल्या त्या माणसाला, गुपचूप परत करते. त्याच्या आनंदाने भारावून ती इतरांची आयुष्येही पडद्याआडून सावरू लागते. या उद्योगात तिला निनो नावाचा तरुण आवडतो. पण त्याच्यासमोर उभे राहण्याचे धैर्य मात्र तिला होत नाही. ओद्रे तोतू यांचा अभिनय आणि ब्रुनो देलबोनेल यांचे छायालेखन यांनी हा साधा गाभा विलोभनीय केला आहे. हिरवा, तांबडा आणि पिवळा या रंगांची तबकडीवर दिसणारी गर्द झळाळी हा संगणकावर केलेल्या रंगसंस्करणाचा परिणाम आहे.

या कथेतले जवळजवळ प्रत्येक वळण एखाद्या प्रतिमेच्या किंवा नकलेच्या आधाराने घेतलेले आहे. निनोला एक छंद आहे. स्थानकांवरच्या स्वयंचलित छायाचित्रयंत्रांखाली लोकांनी फाडून टाकलेली स्वतःची छायाचित्रे तो वेचतो, तुकडे जुळवतो आणि वहीत चिकटवतो. त्या वहीत एका टक्कल पडलेल्या माणसाचे छायाचित्र वारंवार येते. निर्विकार चेहऱ्याने काढलेले आणि दर वेळी फाडून टाकलेले. हा माणूस कोण? मृत्यूला घाबरणारा कोणी, की मेलेलाच? तर्क चालू राहतात. अखेर उलगडा होतो : तो ते यंत्र दुरुस्त करणारा कारागीर आहे. दुरुस्तीनंतर यंत्र चालते की नाही हे पाहण्यासाठी तो स्वतःचेच छायाचित्र काढतो आणि फेकून देतो.

या उलगड्याकडे आस्वादकांचे लक्ष जावे तेवढे जात नाही, असे मला वाटते. तसबिरीच्या घोटाळ्याची ही विसाव्या शतकाच्या अखेरची आवृत्ती आहे. मोलिएरच्या पात्रांनी तसबिरीत प्रियकर पाहिला, म्हणून घोटाळा झाला; निनो आणि आमेली छायाचित्रात भूत पाहतात आणि तिथे असतो श्रम. चेहरा पहिल्यापासून डोळ्यांसमोर होता, स्पष्ट होता. कळत नव्हते ते त्या चेहऱ्याचे यंत्राशी असलेले नाते.

दुसरे उदाहरण पत्राचे आहे. सोडून गेलेल्या आणि मरण पावलेल्या नवऱ्याच्या आठवणीत झुरणाऱ्या शेजारणीसाठी आमेली एक पत्र बनवते. त्याच नवऱ्याच्या जुन्या पत्रांच्या प्रती काढून, त्यांतले शब्द कापून, ते नव्या क्रमाने जुळवून आणि कागद जुनाट करून. विमान कोसळून वर्षानुवर्षे हरवलेल्या टपालात ते सापडले, असे भासवले जाते. अक्षर खरे, शब्द खरे, पत्र खोटे. मोलिएरच्या सुखात्मिकेत खऱ्या तसबिरीतून खोटे दुःख निर्माण होते. येथे खऱ्या अक्षरांतून खोटे सांत्वन. संहिता म्हणजे अवतरणांची वीण, हे विधान आपण सिद्धांताच्या तासाला सहजपणे उच्चारतो. त्या विणीत कोणाचे तरी उरलेले आयुष्य गुंतलेले असू शकते, हे या प्रसंगात जाणवते.

तिसरे उदाहरण द्युफायेल या म्हाताऱ्याचे. ठिसूळ हाडांमुळे तो घराबाहेर पडत नाही. वीस वर्षे, दर वर्षी एक, याप्रमाणे तो रन्वारच्या नौकाविहारींच्या भोजनाच्या चित्राची नक्कल करतो. सारे साधते, पाण्याचा पेला हाती घेतलेल्या मुलीची नजर तेवढी साधत नाही. आमेली त्याला दूरचित्रवाणीवरच्या निवडक दृश्यांच्या चित्रफिती पाठवते, आणि शेवटी तोही तिला चित्रफितीवरूनच सांगतो की, तिची हाडे काही काचेची नाहीत, तिने धीर करावा. म्हणजे गृह-चित्रफीत या चित्रपटाच्या आतच आहे. तिच्यावरची प्रतिमा धूसर आहे आणि निर्णायक शब्द मात्र तिच्याच तोंडी आहे. ब्लू-रेच्या लखलखीत पृष्ठभागावर त्या धूसर फितीचा दाणेदारपणा अधिकच उठून दिसतो.

लॉरा मल्व्ही यांनी २००६ सालच्या आपल्या पुस्तकात असे मांडले आहे की, चित्रपट हवा तिथे थांबवता येऊ लागल्यावर चिंतनशील प्रेक्षक जन्माला आला. पण त्याच्याच सोबत प्रतिमेवर मालकी गाजवू पाहणारा प्रेक्षकही आला. मी द्युफायेलच्या चित्राशी चौकट कितीदा तरी थांबवली आहे. रंगाचे फटकारे दिसतात, कॅनव्हासचा पोत दिसतो. त्या मुलीची नजर मात्र थांबवलेल्या चौकटीत अधिक स्पष्ट होते, अधिक कळत नाही. वीस नकला करणाऱ्या म्हाताऱ्याला जे कळले होते तेच यंत्राच्या मदतीने मला पुन्हा कळले, एवढेच.

५

एम.ए.च्या वर्गात रूपांतराची चर्चा चालू असताना मी ‘संशयकल्लोळ’सोबत या चित्रपटातले काही प्रसंग दाखवले. आमचे बरेचसे विद्यार्थी हार्बर मार्गावरच्या वस्त्यांमधून येतात. दृश्ये संपल्यावर रंगांविषयी, संगीताविषयी बोलणे झाले. मग बैंगनवाडीच्या बाजूने येणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले, “मॅडम, ह्या पॅरिसमधला कचरा जातो कुठे?” वर्ग हसला. त्याने मात्र हा प्रश्न विनोदासाठी विचारला नव्हता.

गोवंडीत राहणाऱ्याला हा प्रश्न सुचणे स्वाभाविक आहे. १९२७ सालापासून मुंबईचा कचरा देवनारला येऊ लागला. सुमारे १३२ हेक्टरांचे ते मैदान कालांतराने डोंगर झाले. १९७१ साली त्याच परिसरात कत्तलखाना आला. शहराने आपल्या सुखात्मिकेतून जे जे वगळले ते ते येथे आणून ठेवले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. वारा फिरला की घराच्या खिडक्या लावून घ्याव्या लागतात. अशा खिडकीच्या आत बसून मोंमार्त्रच्या धुतल्यासारख्या पायऱ्या पाहणे हा एक चमत्कारिक अनुभव असतो. स्पष्टता पाचपट झाली, पण प्रतिमेला वास आलेला नाही.

या निर्मळतेवर खुद्द फ्रान्समध्येही आक्षेप घेतला गेला होता. सेर्ज कागान्स्की या समीक्षकाने २००१ सालीच ‘लिबेरास्याँ’ या दैनिकात लिहिताना, ज्युने यांच्या पॅरिसमधून तिथल्या मिश्र, स्थलांतरित वस्तीला गाळून टाकले आहे, अशी कडक टीका केली. भिंतींवरची रेघोट्यांची चित्रे पुसून, मोटारी हलवून हे शहर चित्रीकरणासाठी सजवले गेले होते, ही गोष्टही सर्वज्ञात आहे. भाजीवाल्याच्या दुकानातला नोकर जामेल देबूझ या मोरोक्कन वंशाच्या नटाने साकारला आहे. पात्राचे नाव मात्र ल्युसियँ आहे. चित्रपटाच्या समर्थकांनी या नटाच्या निवडीकडे बोट दाखवले, तर टीकाकारांना नावाकडेही बोट दाखवता येईल. दोघेही एकच चौकट पाहत होते.

मला स्वतःला कागान्स्कींचा आक्षेप अर्धा पटतो. चौकटीतून काय गाळले, हे त्यांनी अचूक ओळखले. परंतु त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर चित्रपटाच्या आतही आहे, आणि ते आक्षेपकांच्या नजरेतून सुटलेले दिसते. या पॅरिसमधला कचरा छायाचित्रयंत्राच्या खाली आहे आणि कथेचा नायक तो वेचतो आहे. निनो हा कचरावेचक आहे. बोदलेरच्या काव्याचा विचार करताना वाल्टर बेंजामिन यांनी शहराने टाकून दिलेले वेचून त्याची प्रतवारी लावणाऱ्या माणसात कवीचे प्रतिरूप पाहिले होते. निनो त्याच कुळातला आहे. तो स्वच्छ वेशातला, सुगंधी कचऱ्याचा वेचक आहे, हे खरे. देवनारच्या डोंगरावर हातात आकडी घेऊन चढणाऱ्या बाईशी त्याची तुलना करणे क्रूर ठरेल, हेही खरे. पण फेकलेल्या गोष्टीला मूल्य असते आणि ते जुळवून पाहणाऱ्यालाच सापडते, ही जाणीव त्या प्रणयकथेच्या केंद्राशी आहे. ती चित्रपटाच्या रंगसंस्करणाला पुरून उरते.

त्या विद्यार्थ्याला पुढच्या तासाला हे उत्तर सांगितले. तो म्हणाला, “पण तो फोटोच उचलतो, मॅडम. बाकीचं कोण उचलतं?” यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि समीक्षेजवळही तयार उत्तर असू नये, असे मला वाटते.

६

संस्कृत काव्यशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर येथे रसभंग झाला. अभिनवगुप्तांनी सांगितलेल्या रसविघ्नांपैकी एक विघ्न नेमके हेच आहे : प्रेक्षकाने आपल्या वा इतरांच्या विशिष्ट देशकालाला धरून बसणे. साधारणीकरण होण्यासाठी हा आवेश गळून पडावा लागतो. गोवंडी विसरल्याशिवाय मोंमार्त्र आस्वाद्य होणार नाही, असा याचा रोकडा अर्थ. या सिद्धांताविषयी मला नितांत आदर आहे, आणि चित्रपट पाहताना पहिल्या खेपेस मी गोवंडी विसरलेही होते. तो आनंद खोटा नव्हता. पण दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या खेपेस, चौकट थांबवून पाहताना, देशकाल परत येतो. घरगुती तबकडी ही मुळातच पुन्हा पाहण्यासाठी असते, आणि पुन्हा पाहणाऱ्याजवळ विस्मरणाचे ते पहिले निष्पाप सुख उरत नाही. अशा वेळी विघ्न हेच वाचनाचे साधन होऊ शकते. त्या विद्यार्थ्याने आपला देशकाल सोडला नाही, म्हणून त्याला चौकटीबाहेरचे दिसले.

गोवंडीची स्वतःची प्रतिमा कशी तयार होते, हेही येथे पाहावयास हवे. २००९ सालच्या मुंबई मानवी विकास अहवालात एम-पूर्व विभाग शहरात तळाशी होता. हा आकडा म्हणजे या भागाची एक तसबीरच झाली. २०१६ सालच्या जानेवारीत देवनारच्या कचऱ्याला आग लागली, तेव्हा तिचा धूर नासाच्या उपग्रहाने टिपलेल्या छायाचित्रांत दिसला. अवकाशातून पाहिलेली ती प्रतिमा खोटी नव्हती. तिच्यात दमा झालेले मूल मात्र दिसत नव्हते, आणि कचरा कोणाच्या घरातून आला होता हेही दिसत नव्हते. फाल्गुनरावाने पाहिले तसेच हे पाहणे : दृश्य खरे, संबंध गायब. याउलट २०२३ सालच्या फेब्रुवारीत नटवर पारेख संकुलात ‘गोवंडी आर्ट्स फेस्टिव्हल’ भरला, तेव्हा इथल्या मुलामुलींनी काढलेली छायाचित्रे इथल्याच भिंतींवर लागली. ती पाहायला येणाऱ्यांना चौकटीतला माणूस कोण आणि तो काय काम करतो, हे सांगावे लागत नव्हते.

हिटो श्टायर्ल यांनी २००९ साली ‘दरिद्री प्रतिमे’ची बाजू मांडली : नकलेची नक्कल होत झिजलेली, पण हातोहात फिरणारी प्रतिमा. इथल्या वस्त्यांतल्या व्हिडिओ केंद्रांत आणि पुढे पदपथावरच्या एकात-पाच-चित्रपट तबकड्यांवर एका पिढीने सिनेमा असाच पाहिला. त्या धूसर प्रतिमांनी कमी शिकवले, असे कोणी म्हणू नये. चित्र पुसट असले की पाहणाऱ्याला जोडून घ्यावे लागते, शेजारच्याला विचारावे लागते. लखलखीत प्रतिमेपुढे आपण बहुधा एकटे असतो आणि सारे कळल्याच्या समाधानात असतो. आता तीही तबकडी मागे पडली आहे. भंगारवाल्याच्या गोणीत पॉलिकार्बोनेटच्या चकत्या म्हणून तिची रवानगी होताना मी पाहिली आहे. ज्याने तिच्यावर मोंमार्त्र पाहिले नाही, त्याच्या हातून तिची प्रतवारी होते.

७

या सर्वातून देवलांकडे पुन्हा पाहावेसे वाटते. परकी सुखात्मिका आपली करताना रूपांतरकार काय गाळतो, हे आपण सविस्तर तपासत आलो आहोत. तो काय भरतो, हेही तेवढ्याच बारकाईने तपासावयास हवे. मोलिएरची सेली ही सुस्थित घरातली मुलगी आहे. तिच्यापुढची अडचण बापाने ठरवलेल्या वराची आहे. देवलांची रेवती नायकिणीची मुलगी आहे, आणि तिला लग्न करून संसार करायचा आहे. एवढ्या एका बदलाने तसबिरीचे वजन बदलले. सेलीच्या हातून पडते ती प्रियकराची आठवण. रेवतीच्या हातून पडते ती प्रतिष्ठित समाजात प्रवेश मिळण्याची एकुलती एक आशा. अश्विनशेठला तिच्याविषयी वाटणारा संशयही म्हणून वेगळा ठरतो. नायकिणीच्या मुलीवर विश्वास ठेवावा की नाही, हा त्या काळच्या समाजाचाच संशय त्याच्या तोंडून बोलतो. प्रेक्षक फाल्गुनरावाला हसतो, परंतु रेवतीवर घेतल्या जाणाऱ्या संशयाला त्याला तितक्या मोकळेपणाने हसता येत नाही, कारण नाटकगृहाबाहेर तोही तसाच संशय घेत असतो.

देवलांनी असे करताना नाटकातली गंमत कुठेही कमी केली नाही, हे महत्त्वाचे. त्यांनी तसबीर अधिक स्पष्ट केली नाही. ती कोणाच्या हातात आहे, हे बदलले. मूळ सुखात्मिकेत चौकटीबाहेर असलेली एक स्त्री त्यांनी चौकटीच्या मध्यभागी आणली. सुखात्मिकेच्या प्रेक्षकाला सारे कळत असते काय, या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे मिळते. रंगमंचावरच्या घोटाळ्यापुरते त्याला सारे कळते. त्या घोटाळ्याला जागा देणाऱ्या समाजाविषयी तो फाल्गुनरावाइतकाच अंधारात असू शकतो, आणि प्रतिमा जेवढी स्वच्छ, तेवढी आपण अंधारात आहोत ही शंकाही त्याला कमी येते.

समीक्षेचे काम ही शंका जागी ठेवण्याचे आहे. फाल्गुनरावाचा संशय माणसांवर होता, म्हणून तो हास्यास्पद ठरला. आपला संशय माणसांवर नको. तो चौकटीवर हवा. कोणाचा चेहरा दिसतो आहे, हे यंत्र यापुढेही अधिकाधिक बारकाईने दाखवत राहील. तो चेहरा तिथे कसा आला, यंत्र कोणी दुरुस्त केले आणि बाकीचे कोण उचलते, हे विचारणारा वाचक घडवणे हे आपल्या वर्गांचे काम आहे. तो वाचक आज गोवंडीहून येतो आहे, ही मराठीच्या अध्यापकाला दिलासा देणारी गोष्ट आहे.